पगाराचा गुणाकार

भारतातील मोठ्या माहिती-तंत्रज्ञान सेवा कंपन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून जी घाऊक भरती करतात, तिच्यात नवख्या अभियंत्याला मिळणारा वार्षिक पगार २०१० च्या सुमारास तीन ते सव्वातीन लाख रुपयांच्या घरात होता आणि २०२४ मध्येही तो साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळत होता. ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे सामान्य कुटुंबाच्या खरेदीतील वस्तू आणि सेवा किती महागल्या हे सांगणारा सरकारी आकडा, २०१२ साली शंभर धरला तर २०२४ च्या अखेरीस १९० च्या पुढे गेला होता. त्यामुळे २०१२ मध्ये सव्वातीन लाखांत जे भागत होते, त्यासाठी बारा वर्षांनी सहा लाखांहून अधिक रक्कम लागू लागली आणि नवखा अभियंता मात्र जवळजवळ जुन्याच रकमेवर रुजू होत राहिला. असे असूनही याच व्यवसायात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या, एकाच महाविद्यालयातून जवळपास सारखेच गुण घेऊन बाहेर पडलेल्या दोन अभियंत्यांच्या पगारांत दुप्पट-तिप्पट अंतर सर्रास आढळते. बुद्धी आणि मेहनत यांचा त्या अंतरात वाटा असतोच, परंतु पगार कोणत्या यंत्रणेतून ठरतो आणि त्या यंत्रणेत आपण नेमके कोठे उभे आहोत, याची जाण असणे किंवा नसणे यालाही त्यात मोठे स्थान आहे, आणि ती जाण कोणत्याही अभ्यासक्रमात दिली जात नाही.

पगाराची वाढ ही बेरीज नसून गुणाकार असतो, ही त्यातील पहिली गोष्ट. दरवर्षीची वाढ आदल्या वर्षीच्या पगारावर मोजली जाते, म्हणून साडेतीन लाखांवर रुजू झालेल्या अभियंत्याला वर्षाला आठ टक्के अशी अखंड वाढ मिळत गेली, तर वीस वर्षांनी त्याचा पगार सुमारे १६ लाख ३० हजार होतो. आकडा भरघोस वाटतो, पण महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर त्या काळात किमती सुमारे २.६५ पट झालेल्या असतात आणि त्या १६ लाखांची किंमत रुजू होण्याच्या दिवशीच्या रुपयांत जेमतेम ६ लाख १५ हजार भरते. वीस वर्षांच्या नोकरीने त्या माणसाची खरेदीशक्ती पुरती दुप्पटही केलेली नसते. आता त्याच वीस वर्षांपैकी फक्त चार वर्षांत आठऐवजी तीस टक्के वाढ मिळाली असे धरले, तर अखेरचा आकडा ३४ लाखांच्या पुढे जातो. याचा अर्थ असा की उरलेल्या सोळा वर्षांत काहीही वेगळे न घडता केवळ चार प्रसंगांनी अंतिम पगार दुपटीहून अधिक झाला. हे प्रसंग कधी येतात यालाही महत्त्व आहे. गुणाकारात गुणकांची अदलाबदल केली तरी अंतिम उत्तर बदलत नाही, परंतु तिसऱ्या वर्षी मिळालेली तीस टक्क्यांची उडी पुढील सतरा वर्षांचा प्रत्येक पगार सुमारे वीस टक्क्यांनी उंचावते, तर सतराव्या वर्षी मिळालेली तीच उडी फक्त शेवटच्या तीन वर्षांना पुरते. भविष्य निर्वाह निधीत पडणारी रक्कम, बँक मंजूर करील ते गृहकर्ज आणि निवृत्तीपर्यंत साठणारी पुंजी ही सारी वाटेतील प्रत्येक वर्षाच्या पगारावर अवलंबून असल्याने पहिल्या दहा वर्षांतील निर्णयांना पुढच्या दहा वर्षांतील निर्णयांपेक्षा कितीतरी अधिक वजन असते.

हा गुणाकार मात्र कोणत्या आकड्यावर करायचा, याबद्दलच मोठा गोंधळ असतो. लग्नाच्या बायोडेटापासून मित्रांच्या गप्पांपर्यंत ज्याला ‘पॅकेज’ म्हटले जाते, ती कंपनीला त्या माणसापायी वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाची रक्कम असते. तिला उद्योगात सीटीसी म्हणतात आणि हातात पडणाऱ्या पगाराशी तिचे नाते बरेच दूरचे असते. बारा लाखांचे पॅकेज घेतले आणि त्यातील मूळ वेतन निम्मे, म्हणजे सहा लाख धरले, तर कंपनीने भविष्य निर्वाह निधीत भरायचे बारा टक्के म्हणजे ७२ हजार रुपये त्यातूनच वजा होतात. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल कायद्याने द्याव्या लागणाऱ्या रकमेसाठी, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के म्हणजे सुमारे २९ हजार बाजूला काढले जातात. कंपनीच्या आणि व्यक्तीच्या कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा बदलता हिस्सा दहा टक्के असेल, तर १ लाख २० हजार वर्षअखेरीपर्यंत अनिश्चित राहतात. कर्मचाऱ्याच्या वाट्याचे आणखी ७२ हजार निर्वाह निधीत आणि अडीच हजार महाराष्ट्राच्या व्यवसाय करात जातात. उरते ते महिन्याला ७५ हजारांच्या आसपास. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर आयकर लागत नसल्याने निदान त्या बाजूने या रकमेला कात्री लागत नाही. यातला निर्वाह निधी आपलाच असतो, फक्त उशिरा मिळतो. ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी आहे, कारण नियमित नोकरीत ती सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते आणि दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या अभियंत्याच्या प्रत्येक पॅकेजमध्ये ती मोजली जाऊनही त्याच्या खात्यात कधीच जमा होत नाही. दोन ठिकाणच्या प्रस्तावांची तुलना करताना पॅकेजच्या एकूण आकड्यांची तुलना करण्याऐवजी निश्चित आणि रोख मिळणाऱ्या रकमांची तुलना करायला हवी, हे यावरून स्पष्ट होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनातच धरायची तरतूद केली आहे, त्यामुळे मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून पगारपत्रक रचण्याच्या जुन्या रीतीला आळा बसण्याची अपेक्षा आहे.

यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो म्हणजे पगाराचा पैसा येतो कोठून. सेवा कंपनी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून किंवा सांभाळून देणारी कंपनी, आपल्या अभियंत्यांचे तास विकते. अमेरिकेतील एखादी बँक वा विमा कंपनी त्या तासांचे ठरलेल्या दराने पैसे देते, त्याला ‘बिलिंग’ म्हणतात, आणि ज्याचे तास विकले जात नाहीत तो ‘बेंच’वर, म्हणजे कामाची वाट पाहत बसतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे २०२३-२४ मधील उत्पन्न सुमारे २ लाख ४१ हजार कोटी रुपये होते आणि वर्षअखेरीस तेथे सुमारे सहा लाख माणसे काम करत होती. भागाकार केला तर माणशी वर्षाला चाळीस लाख रुपये येतात. या चाळीस लाखांतून पगार, कार्यालये, प्रवास, कर आणि भागधारकांचा नफा हे सारे निघावे लागते, त्यामुळे तेथील सरासरी पगार किती उंच जाऊ शकतो याला एक छत आपोआप पडते. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचे २०२३ मधील उत्पन्न सुमारे ३०७ अब्ज डॉलर होते आणि कर्मचारी सुमारे १ लाख ८२ हजार. तेथे माणशी उत्पन्न जवळजवळ १७ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने चौदा कोटी रुपये पडते. दोन्ही कंपन्यांचे खर्च निराळे असल्याने ही तुलना काटेकोर नाही, तरीही अंतर इतके प्रचंड आहे की त्याचा अर्थ झाकला जात नाही. अल्फाबेटचा अभियंता पस्तीस पट हुशार नसतो. त्याने एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कोट्यवधी लोक रोज वापरतात आणि प्रत्येक वापरागणिक नवा माणूस लागत नाही, तर सेवा कंपनीत उत्पन्न वाढवायचे म्हणजे बहुतांशी माणसे वाढवावी लागतात.

या दोन टोकांच्या मध्ये भारतात गेल्या काही दशकांत एक तिसरा प्रकार वाढला आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरूत स्वतःचे संशोधन-विकास केंद्र उघडले, आणि परदेशी कंपन्यांच्या अशा स्वमालकीच्या केंद्रांची संख्या २०२३-२४ पर्यंत १,७०० च्या वर जाऊन तेथे सुमारे एकोणीस लाख लोक काम करू लागले होते. यांना आज जीसीसी म्हणतात. पुण्यात बँका, वित्तसंस्था आणि वाहन-उद्योग यांची अशी केंद्रे बरीच आहेत. या केंद्रांत अभियंत्याच्या पगाराची तुलना तासाच्या दराशी होत नाही, तर मुख्यालयातील त्याच कामाच्या पगाराशी होते, आणि तो पगार डॉलरमध्ये वा युरोत असल्याने येथे बऱ्यापैकी वरची रक्कम देऊनही कंपनीला ती परवडते. म्हणून सेवा कंपनीतून अशा केंद्रात किंवा स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपनीत जाणे हा भारतीय अभियंत्याच्या कारकिर्दीतील बहुधा सर्वांत मोठा गुणक ठरतो. त्यात काम करणारा माणूस तोच राहतो, फक्त त्याचे काम वेगळ्या बाजारात विकले जाऊ लागते. हा बदल दुसऱ्या ते पाचव्या-सहाव्या वर्षांच्या दरम्यान तुलनेने सोपा असतो, कारण त्या टप्प्यावरच्या मुलाखतींत डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती साठवण्याच्या रचना, आणि अल्गोरिदम, म्हणजे समस्या सोडवण्याच्या पायऱ्यांची पद्धत, यांवरच भर असतो आणि त्यांची तयारी कोणालाही काही महिन्यांच्या सरावाने करता येते. दहा वर्षांनंतर सिस्टीम डिझाइन, म्हणजे लाखो वापरकर्त्यांचा भार पेलणाऱ्या प्रणालीची आखणी, प्रत्यक्ष केल्याचा पुरावा मागितला जातो, आणि केवळ देखभालीची कामे वाट्याला आलेल्या अभियंत्याला तो देणे अवघड होऊन बसते.

वार्षिक पगारवाढ, जिला कार्यालयांत ‘हाइक’ म्हणतात, ती तुटपुंजी का राहते याचेही उत्तर यंत्रणेतच आहे. सर्वसाधारणपणे वर्षाच्या आरंभी वाढीसाठीची एकूण रक्कम आधी ठरते आणि मग ती कर्मचाऱ्यांत वाटली जाते. मूल्यमापनाच्या वेळी सर्वांना वरची श्रेणी देता येत नाही, म्हणून पुष्कळ कंपन्या घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे थोड्यांना वर, थोड्यांना खाली आणि बहुसंख्यांना मध्ये बसवतात. ठरलेल्या रकमेचे वाटप असल्यामुळे उत्तम काम करणारा आणि बरे काम करणारा यांच्या वाढीत चार-पाच टक्क्यांचेच अंतर पडते. नवी भरती मात्र वेगळ्या तरतुदीतून होते आणि तेथे बाजारभाव द्यावाच लागतो, कारण न दिल्यास जागा रिकामी राहते. परिणामी पाच वर्षे टिकलेल्या माणसाच्या शेजारी त्याच कामासाठी त्याच्यापेक्षा अधिक पगारावर नवा माणूस येऊन बसतो. हा अन्याय एखाद्या व्यवस्थापकाच्या दुष्टपणातून होतो असे नाही. जुन्या माणसाच्या पगाराला बाजाराचा वारा लागतो तो त्याने राजीनामा दिल्यावरच, इतकाच त्याचा अर्थ आहे.

रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण पुरुष कामगारांच्या पहिल्या दहा वर्षांतील पगारवाढीचा किमान एक तृतीयांश भाग नोकरी बदलण्याच्या क्षणी मिळालेल्या वाढींतून आला असल्याचे दिसले. तो अभ्यास सॉफ्टवेअरचा नव्हता आणि भारताचाही नव्हता, पण ‘स्विच’ हा शब्द ज्या सहजतेने पुण्या-बंगळुरूच्या उपाहारगृहांत ऐकू येतो, त्यामागचे तर्कशास्त्र तेच आहे. तथापि स्विचचा बाजार नेहमी उघडा नसतो. महासाथीनंतर जगभर डिजिटल कामांची मागणी उसळली, तेव्हा मार्च २०२२ अखेरच्या बारा महिन्यांत इन्फोसिसमधून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण २७.७ टक्के झाले होते. दोनच वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, ते १२.६ टक्क्यांवर आले. पहिल्या काळात ज्यांनी नोकरी बदलली त्यांना मोठ्या उड्या मिळाल्या, दुसऱ्या काळात त्याच पात्रतेच्या माणसांना मुलाखतीचे बोलावणेही येईना. कारकिर्दीच्या आलेखावरील तीव्र चढ हे पुष्कळदा व्यक्तीच्या गुणांपेक्षा त्या वर्षीच्या बाजाराचे असतात, हे लक्षात घेतले तर स्वतःची इतरांशी करण्यात येणारी क्लेशदायक तुलना बरीच कमी होईल.

भारतातील स्विचला दोन खास अडचणी आहेत. पहिली म्हणजे नवी कंपनी जुना पगार विचारते, त्याच्या पावत्या मागते आणि त्यावर वीस-तीस टक्के चढवून प्रस्ताव देते. त्यामुळे ज्याची सुरुवात खालच्या आकड्यावर झाली, त्याच्या मागे तो आकडा नोकरी-नोकरीतून सावलीसारखा फिरत राहतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारण्यास कायद्याने बंदी आहे, भारतात तशी बंदी नाही, आणि म्हणून येथे वाटाघाटीचा खरा आधार म्हणजे हातात असलेला दुसरा प्रस्ताव. दुसरी अडचण नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडची. राजीनाम्यानंतर तीन महिने थांबायला नवी कंपनी नेहमीच तयार नसते, म्हणून कधी उरलेल्या दिवसांचा पगार जुन्या कंपनीला भरून सुटका करून घेतली जाते, ज्याला ‘बाय-आउट’ म्हणतात, आणि कधी याच तीन महिन्यांत अभियंता आणखी दोन-तीन प्रस्ताव जमवतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो, त्यामुळे नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये अशी अट नियुक्तिपत्रात असली तरी तिचे बळ येथे फार थोडे आहे. नोटिशीची अट आणि जॉइनिंग बोनस, म्हणजे रुजू होताना मिळणारी एकरकमी रक्कम, परत करण्याची अट या मात्र निराळ्या बाबी असून त्या वाचल्याशिवाय सही करणे महागात पडते. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो आणि निश्चित पगार दरवर्षी गुणला जातो, म्हणून दोन्ही पर्याय समोर असतील तर निश्चित पगारातील लहान वाढही बोनसच्या मोठ्या रकमेपेक्षा बहुतेक वेळा श्रेयस्कर ठरते.

परंतु नोकऱ्या बदलत राहणे हा काही न संपणारा झरा नव्हे. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात कौशल्यांची जी विभागणी केली, ती येथे उपयोगी पडते: काही कौशल्ये सर्वसामान्य, म्हणजे कोठेही विकता येणारी असतात आणि काही विशिष्ट, म्हणजे त्या एकाच कंपनीत मोलाची असतात. कंपनीने स्वतःसाठी बनवलेल्या एखाद्या अंतर्गत साधनावर दहा वर्षे प्रभुत्व मिळवलेला अभियंता तेथे अपरिहार्य वाटतो, पण त्या इमारतीच्या बाहेर त्या प्रभुत्वाला गिऱ्हाईक नसते आणि कंपनीलाही ते ठाऊक असते. सर्वसामान्य कौशल्यांचे दुखणे वेगळे आहे. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नॉरे यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्रासारख्या उपयोजित विषयांच्या पदवीधरांना आरंभी इतरांपेक्षा पुष्कळ अधिक पगार मिळतो, पण तो फायदा पहिल्या दहा वर्षांत निम्म्याहून अधिक ओसरतो, असे दाखवले. या व्यवसायांत लागणारी कौशल्ये इतक्या वेगाने बदलतात की महाविद्यालयात शिकलेले लवकर जुने होते आणि नवे शिकून आलेले पदवीधर स्पर्धेत उतरतात. अडोबी फ्लॅशवर कारकीर्द उभारलेल्यांनी हे अनुभवले, कारण डिसेंबर २०२० अखेर त्या तंत्राचा आधारच काढून घेतला गेला. उलट १९७० च्या दशकात जन्मलेली एसक्यूएल ही माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा आणि १९९५ मध्ये आलेली जावा आजही रोजच्या वापरात आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस आणि अनेक संगणकांनी मिळून करायच्या कामाची तत्त्वे सावकाश जुनी होतात, तर त्यांच्यावर रचलेली साधने भराभर बदलतात. जो पाया पक्का ठेवतो त्याला दर चार-पाच वर्षांनी नवे साधन शिकायला काही आठवडे लागतात, आणि ज्याने केवळ साधनच शिकलेले असते त्याला प्रत्येक वेळी पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

दहा-बारा वर्षांनंतर पगाराचा आलेख अनेकांच्या बाबतीत सपाट होतो, आणि त्यामागे सेवा कंपन्यांचा ‘पिरॅमिड’ आहे. ग्राहक एका संघासाठी जो दर देतो, त्यात नफा राहायचा तर संघात थोडे अनुभवी आणि पुष्कळ नवखे असावे लागतात. अनुभवी माणसाचा पगार वाढत जातो, पण त्याच्या तासाचा दर त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून त्याच्याकडून अपेक्षा बदलते आणि त्याने पाच, पन्नास किंवा दोनशे माणसांचे काम चालवावे, नवे काम आणावे, ग्राहक सांभाळावा असे धरले जाते. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून थोडी अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा या कपातीचा रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणींवर असल्याचे सांगितले गेले, ही गोष्ट या रचनेची दुसरी बाजू दाखवते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रोग्रॅम लिहिण्याचा बराच भाग करू लागल्यावर पिरॅमिडच्या तळाशी किती नवखे लागतील हाही प्रश्न उभा राहिला आहे, आणि त्यांच्यावर देखरेख एवढेच ज्यांचे काम होते त्यांच्यासाठी तो अधिकच गंभीर आहे.

उत्पादने बनवणाऱ्या कंपन्यांत व्यवस्थापनाच्या शिडीला समांतर अशी दुसरी शिडी असते. तिच्यावर स्टाफ इंजिनिअर, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी पदे असतात आणि कोणाचाही साहेब न होता तेथे व्यवस्थापकाच्या बरोबरीचा पगार मिळू शकतो. या शिडीवर वर चढणे अधिक वर्षांमुळे वा अधिक कोड लिहिल्यामुळे होत नाही, तर आवाका वाढल्यामुळे होते. कनिष्ठ अभियंता सांगितलेले काम नीट करतो, वरिष्ठ अभियंता एका संघाची अडचण स्वतः ओळखून सोडवतो, आणि स्टाफ अभियंत्याच्या निर्णयावर अनेक संघांचे काम अवलंबून असते. त्यासाठी तांत्रिक बुद्धीइतकेच लेखन लागते, कारण एखादी रचना का निवडली आणि दुसरी का नाकारली हे जो स्पष्ट लिहू शकत नाही, त्याचा निर्णय त्याच्या संघाबाहेर पोहोचतच नाही. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी समर्थ अभियंत्यांची वाढ या ठिकाणी अडते. ती इंग्रजी व्याकरणामुळे अडते असे मानले जाते, पण आपला विचार कागदावर क्रमाने मांडण्याची सवय शाळेपासून लावली गेली नाही हे त्याचे अधिक खरे कारण आहे, आणि ही सवय कोणत्याही वयात लावता येते.

वरच्या श्रेणींत मोबदल्याचा मोठा भाग रोख नसून समभागांत मिळतो. भारतात ही कल्पना रुजवण्यात इन्फोसिसचा वाटा मोठा होता. १९८१ मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेली ही कंपनी १९९३ मध्ये शेअर बाजारात आली आणि त्या दशकात तिने आपल्या कर्मचाऱ्यांना समभाग दिल्याने कित्येक सामान्य घरांतील अभियंते श्रीमंत झाले. आज दोन प्रकार प्रचलित आहेत. ‘ईसॉप’ म्हणजे ठरलेल्या किमतीला समभाग विकत घेण्याचा हक्क, आणि ‘आरएसयू’ म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर समभागच मिळणे. दोन्ही साधारणतः चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पदरात पडतात आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधी नोकरी सोडल्यास बहुधा काहीच मिळत नाही. समभाग मिळतात त्या वेळी त्यांच्या बाजारमूल्यावर, ईसॉपमध्ये भरलेली किंमत वजा करून, पगारासारखाच आयकर लागतो आणि विकताना झालेल्या नफ्यावर पुन्हा भांडवली नफ्याचा कर लागतो. बाजारात नोंद नसलेल्या नवउद्योगाच्या समभागांवर पहिला कर भरावा लागतो तेव्हा विकायला गिऱ्हाईक नसते, हा त्यातला खरा धोका आहे. अमेरिकी कंपनीचे समभाग मिळाले असतील तर ते आयकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत दाखवणे बंधनकारक आहे, आणि अनेक जण अजाणतेपणी ते टाळतात. पॅकेजमध्ये समभागांचे मूल्य आजच्या भावाने लिहिलेले असते. तो भाव अर्धा झाला तर पॅकेजचा तो भागही अर्ध्यावर येतो.

परदेशी जाणे हा गुणक १९९० च्या दशकात सर्वांत मोठा होता, आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांची आर्थिक स्थिती ‘ऑनसाइट’च्या, म्हणजे ग्राहकाच्या देशात राहून केलेल्या कामाच्या, दोन-तीन वर्षांनी पालटली. आता त्याचे प्रमाण घटत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केल्यावर तर माणसे तिकडे पाठवणे बऱ्याच कंपन्यांना परवडेनासे झाले.

स्त्री अभियंत्यांच्या बाबतीत हाच गुणाकार अधिक कठोर होतो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पण रजेच्या वर्षीचे मूल्यमापन, हुकलेली बढती आणि मुले लहान असताना नोकरी बदलण्याचा टळलेला निर्णय यांची भरपाई कोणताही कायदा करत नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना ज्या कामासाठी २०२३ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, त्यातील एक निष्कर्ष असा की एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांच्या पगारांतील अंतर मुख्यतः पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर रुंदावते आणि ज्या नोकऱ्या वेळी-अवेळी हजर राहण्याचा विशेष मोबदला देतात, त्यांत ते सर्वाधिक असते. रात्री अकरा वाजता अमेरिकेशी बोलणे हा जेथे कामाचा भाग मानला जातो, तेथे हे अंतर कोणाच्या वाट्याला येते हे वेगळे सांगायला नको.

वाटाघाटीच्या टेबलावर अखेरीस ज्या गोष्टीचा उपयोग होतो, तिची नोंद पगारपत्रकात नसते. तिसाव्या वर्षी हातात पडणाऱ्या पगाराचा निम्मा भाग पुण्यातील वाकड किंवा बाणेरच्या घराच्या हप्त्यात गेला, की अभियंत्याला दोन महिनेही पगाराशिवाय काढता येत नाहीत आणि समोर येणारा पहिला प्रस्ताव स्वीकारावा लागतो. अधिक शिकवणाऱ्या पण आरंभी कमी पैसे देणाऱ्या संघात जाणे, नोटीस पिरियड पुरा करून चांगल्या जागेची वाट पाहणे किंवा मूल लहान असताना वर्षभर थांबणे हे सारे पर्याय त्याच्यासाठी बंद होतात. ज्याच्याकडे आठ-दहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला आहे, तो त्याच मुलाखतीत ‘हा आकडा मला मान्य नाही’ असे म्हणू शकतो.